मतदाराची वाट मोजताना

शनिवार, २ नोव्हेंबर २०२४. संध्याकाळचे पावणेआठ. अमेरिकेत, न्यू जर्सी राज्याच्या मिडलसेक्स काउंटीतल्या (म्हणजे जिल्ह्यातल्या) एका सभागृहात आम्ही सकाळपासून आगाऊ मतदानाच्या टेबलांवर बसलो होतो. आठ वाजता दार बंद करायचं होतं. पाय सुजले होते. घरी दिवाळीचा फराळ तसाच डब्यांत पडून होता, आणि मनात नुसती चहाची आठवण येत होती.

तेवढ्यात दारातून एक बाई आत आल्या. अंगात जांभळ्या रंगाचे, आजारी माणसांची सेवा करणाऱ्या बायका घालतात तसे सुती कपडे, खांद्यावर जेवणाच्या डब्याची पिशवी. दारातच थबकून त्यांनी विचारलं, "उशीर नाही ना झाला?" मी म्हटलं, "नाही, या बसा." त्या बसल्या नाहीत. बसले तर उठवणार नाही, म्हणाल्या.

नाव सांगितलं, पत्ता सांगितला. पत्ता काउंटीच्या पार दुसऱ्या टोकाचा होता. मतदानाच्या दिवशी त्यांना त्यांच्याच ठरलेल्या केंद्रावर जावं लागलं असतं. आगाऊ मतदानात मात्र काउंटीतल्या कुठल्याही केंद्रावर मत देता येतं, कारण मतदारयादी आता आमच्यासमोरच्या छोट्या पडद्यावर असते. त्या पडद्यावर बोटभर लांबीच्या लेखणीनं सही करायची असते. त्यांनी लेखणी हातात घेतली, पण बोटं वळेनात. दोनदा मूठ उघडझाप केली. दिवसभर एका वृद्ध गृहस्थांना पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर करत होते, असं सही करता करता सांगितलं. मग हळू, शाळेतल्या मुलीसारखी, एकेक अक्षर जोडत सही केली.

चार मिनिटांत मत देऊन त्या परत निघाल्या. दारापाशी मागे वळून म्हणाल्या, "मंगळवारी मला दोन घरं आहेत. पहाटे पाचला निघते ती रात्री नऊला परत." आणि गेल्या.

न्यू जर्सीत मतदानाच्या दिवशी, म्हणजे त्या मंगळवारी, केंद्रं सकाळी सहाला उघडतात आणि रात्री आठला बंद होतात. पहाटे पाच ते रात्री नऊ. त्या बाईंच्या मंगळवारात मतदानाचे चौदा तास अख्खेच्या अख्खे बुडून गेले असते.

गेली कित्येक वर्षं या देशात वाद चालू आहे. काहींचं म्हणणं, मतदानाच्या दिवशी देशभर सुट्टी द्या. काहींचं म्हणणं, सुट्टीनं काय होणार, मतदानाचे दिवस वाढवा. आणि काहींना दोन्ही नको आहे. एक देश, एक दिवस, ज्याला मताची किंमत आहे तो येईलच, असं ते म्हणतात. हे शेवटचं वाक्य मी ऐकते तेव्हा मला त्या आखडलेल्या बोटांची आठवण येते. आणि माझीही.

मी या देशाची नागरिक झाले २००८ च्या उन्हाळ्यात. नागरिकत्व घेतलं त्या दिवशी माझं भारतातलं मत गेलं. परदेशस्थ भारतीय म्हणून येण्याजाण्याची सोय राहते, घर राहतं, माणसं राहतात, मत राहत नाही. १९८९ साली नाशिकमध्ये मी पहिल्यांदा मत दिलं होतं. मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं ते त्याच वर्षी, पण मी तोवर बावीस वर्षांची झाले होते. त्या मतपत्रिकेची घडी कशी घालायची हे अण्णांनी आदल्या रात्री वर्तमानपत्राच्या कागदावर मला करून दाखवलं होतं. शिक्क्याची ओली शाई दुसऱ्या नावावर उमटली तर मत बाद होतं म्हणून. ते मत सोडून मी इथलं घेतलं होतं. त्यामुळे ४ नोव्हेंबर २००८ या तारखेकडे माझं किती लक्ष होतं ते मलाच ठाऊक.

मी तेव्हा एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होते. पाळी सकाळी सात ते संध्याकाळी साडेसात. सुटल्यावर पंचवीस मिनिटांत केंद्रावर पोचायचं असा हिशेब मनात पक्का केला होता. त्या दिवशी रात्रपाळीची बाई वेळेवर आली नाही. यंत्रात नमुने अर्धवट लावलेले होते, अतिदक्षता विभागातले रिपोर्ट यायचे होते. अशा वेळी उठून जाता येत नाही. आणि मालकानं मतदानासाठी दोन तास सोडलंच पाहिजे अशी आमच्या राज्यात खासगी नोकरीत सक्ती नव्हती. साठ किलोमीटरवर, नदीपलीकडे न्यूयॉर्क राज्यात तसा कायदा होता. मी केंद्रावर पोचले तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. आठच्या ठोक्याला रांगेत असलात तर मत देता येतं, त्यानंतर नाही. काचेच्या दारातून आतली माणसं यंत्राला सील लावताना दिसत होती. एका गृहस्थांनी माझ्याकडे पाहून हात हलवले, संपलं अशी खूण केली. चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्याचे भाव होते.

मी गाडीत येऊन बसले आणि रडले. टपालानं मतपत्रिका मागवता येते, आणि त्यासाठी कारणसुद्धा द्यावं लागत नाही, हे तेव्हा मला कोणी सांगितलेलं नव्हतं. ज्याला मताची किंमत आहे तो येईलच, म्हणतात. मला होती. मी आलेही होते.

हा मंगळवार आला कुठून, हे मी त्यानंतर शोधून वाचलं.

अमेरिकेत आधी प्रत्येक राज्य आपापल्या सोयीनं राष्ट्राध्यक्षाची निवडणूक घ्यायचं. राष्ट्राध्यक्ष प्रत्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांची सभा डिसेंबरात ठरलेल्या दिवशी व्हायची आणि त्याआधीच्या चौतीस दिवसांत कधीही मतदान उरकायचं, एवढंच बंधन होतं. एका राज्याचा निकाल दुसऱ्यात आधी कळायचा, माणसं हद्द ओलांडून दोनदा मत देतात अशा तक्रारी व्हायच्या. म्हणून १८४५ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, कायदा करून एकच दिवस ठरवला: नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. नोव्हेंबर अशासाठी की पीक घरात आलेलं असतं आणि बर्फ अजून रस्ते अडवत नाही. मंगळवार अशासाठी की रविवार चर्चचा, बुधवार बऱ्याच गावांत बाजाराचा, आणि तालुक्याच्या गावी मत द्यायला घोडागाडीनं जायचं तर सोमवारचा अख्खा दिवस वाटेत जातो.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक तसंच मांडीवर ठेवून बसले. या मंगळवाराला लोक आज जुनाट म्हणतात, आणि आज तो तसा आहेही. पण तो ठरवताना कोणीतरी मतदाराच्या घरापासून मतपेटीपर्यंतची वाट मोजली होती. त्याचं पीक, त्याचा बाजार, त्याची प्रार्थना, त्याच्या घोड्याची चाल, सगळं धरून दिवस काढला होता. ती वाट कोणाची मोजली, हेही तितकंच खरं आहे. १८४५ चा मतदार म्हणजे बहुतेक ठिकाणी गोरा पुरुष. शेतात राबणारे गुलाम त्या हिशेबात नव्हते, कुठल्याच घरातल्या बायका नव्हत्या. मताचा हक्क पुढे त्यांना लढून मिळाला. वाट मात्र नव्यानं कोणी मोजली नाही.

दिवस एकच असावा की अनेक, हा प्रश्नही आजचा नाही. १८६४ ची निवडणूक यादवी युद्धाच्या धामधुमीत आली. उत्तरेकडच्या बहुतेक राज्यांनी कायदे बदलून सैनिकांना छावणीतून मत देऊ दिलं. घरी येता येत नाही, तर मत तिकडून घ्या. तेव्हाही हा घोटाळ्याचा मार्ग आहे अशी ओरड झालीच होती. पुढे ऑरेगन राज्यानं १९९८ मध्ये लोकांचा कौल घेऊन सगळं मतदान टपालानंच करायचं ठरवलं, आणि २००० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी तशी घेतलीही. कोविडच्या वर्षात, २०२० मध्ये, दहा कोटींहून अधिक लोकांनी मतदानाच्या दिवसाआधीच मत दिलं होतं. आमच्या राज्यात तर त्या साली नोंद असलेल्या प्रत्येक मतदाराच्या घरी मतपत्रिका आली. माझी आली तेव्हा मी ती जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि नवऱ्याला म्हटलं, ही बघ, बारा वर्षांपूर्वी मी हिच्याकडे पळत गेले होते, आज ही माझ्याकडे आली.

न्यू जर्सीत यंत्रावर आगाऊ मतदान सुरू झालं ते २०२१ मध्ये. सार्वत्रिक निवडणुकीआधी सलग नऊ दिवस, दोन शनिवार-रविवार धरून. पहिल्या वर्षीच मी या कामासाठी नाव दिलं. प्रशिक्षण होतं, शपथ असते. दोन पक्षांची माणसं मुद्दाम एकत्र बसवतात. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई दुसऱ्या पक्षाच्या, निवृत्त शिक्षिका. आमचं राजकारणात एका शब्दावर जमायचं नाही. पण कोणी वयस्क मतदार काठी टेकत आला की आम्ही दोघी एकदम उठतो.

आता सुट्टीचं.

सुट्टीची मागणी करणारे लोक मला मनापासून आवडतात. त्यांच्या डोळ्यांसमोर जे चित्र आहे ते माझ्या लहानपणीचं आहे. मतदानाचा दिवस, शाळा बंद, रस्त्यावर धुतलेल्या कपड्यांतली माणसं, म्हाताऱ्यांना रिक्षातून नेणारी पोरं, संध्याकाळी ओट्यावर बसून एकमेकांच्या बोटांवरची शाई बघणं. २०१९ मध्ये इथल्या प्रतिनिधीगृहानं मतदान सुधारणांचं एक मोठं विधेयक मंजूर केलं, त्यात ही सुट्टीही होती. सिनेट या वरच्या सभागृहातले बहुमताचे तेव्हाचे नेते मिच मॅकॉनेल यांनी त्या विधेयकाला सत्ता बळकावण्याचा प्रकार म्हटलं आणि ते तिथेच अडलं. त्याच्याही आधी, २००१ मध्ये, कार्टर आणि फोर्ड या दोन माजी राष्ट्राध्यक्षांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं सुचवलं होतं की सम वर्षी माजी सैनिकांच्या सन्मानाची ११ नोव्हेंबरची सुट्टी मतदानाच्या दिवशीच द्यावी. तेही झालं नाही. व्हर्जिनियानं मात्र २०२० मध्ये चांगलं काम केलं. गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या दोन सेनापतींच्या नावानं तिथे जी सरकारी सुट्टी होती ती काढली आणि तिच्या जागी मतदानाच्या दिवसाची सुट्टी ठेवली. एका सुट्टीच्या जागी दुसरी येण्यात एवढा अर्थ असू शकतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण सुट्टी कोणाला मिळते? आमच्या राज्यात सार्वत्रिक मतदानाचा दिवस ही राज्य सरकारची सुट्टी आहेच. कचेऱ्या बंद असतात, पुष्कळ शाळाही बंद असतात. त्या दिवशी आमच्या काउंटीतल्या एडिसन गावच्या गोदामांत खोकी भरायचं काम चालू असतं. दुकानं उघडी असतात, उलट सुट्टीची गर्दी म्हणून जास्त माणसं कामावर लागतात. रुग्णालय तर बंद होतच नाही. ज्या आईला सुट्टी नाही आणि जिच्या मुलांच्या शाळेला आहे, तिला त्या दिवशी मताच्या आधी पोरांची सोय शोधावी लागते. पहिल्या वर्षी मतदानाच्या दिवशी मी काम केलं तेव्हा अशी एक आई तीन मुलांना घेऊन रांगेत होती. धाकटं रडत होतं. पुढचे लोक बाजूला झाले, तिला वाट दिली. ती सारखी "माफ करा, माफ करा" म्हणत होती. माफी कशाची मागायची तिनं?

याची दुसरी बाजू मी महाराष्ट्रात पाहिली आहे. आपल्याकडे ही सुट्टी केव्हाचीच कायद्यात आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १३५ ब हे कलम सांगतं की धंदा, कारखाना, आस्थापना, कुठेही नोकरीला असलेल्या मतदाराला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यायची, आणि रोजंदारीवरच्या माणसाचाही रोज कापायचा नाही. कलम वाचताना ऊर भरून येतो. मोडणाऱ्या मालकाला दंड पाचशे रुपयांपर्यंत, हे वाचलं की ऊर पुन्हा जागेवर येतो. आणि घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचं काय? घराला कोणी आस्थापना म्हणत नाही. माझ्या आठवणीत आमच्या गल्लीत मतदानाच्या सकाळी सगळी घरं निवांत असायची, पुरीभाजीचा बेत असायचा, आणि त्या पुऱ्यांची भांडी घासायला बाई रोजच्या वेळेवर आलेली असायची. तुम्ही मत दिलंत का, असं तिला कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नव्हतं.

सुट्टी दिली म्हणून माणसं येतात असंही नाही. २०२४ च्या लोकसभेला मुंबई दक्षिणमध्ये मतदान जेमतेम ५० टक्के झालं. गडचिरोली-चिमूरमध्ये, जिथे निवडणूक कर्मचाऱ्यांना हेलिकॉप्टरनं न्यावं लागतं आणि संवेदनशील भागात केंद्रं दुपारी तीनलाच बंद होतात, तिथे ते ७२ टक्क्यांच्या आसपास होतं. त्याच वर्षी विधानसभेची तारीख जाहीर करताना निवडणूक आयोगानं सांगितलं की शहरी लोक शनिवार-रविवारला जोडून सुट्टी काढतात, म्हणून मुद्दाम बुधवार निवडला. इथे १८४५ मध्ये मतदाराला यायला सोपं जावं म्हणून वार निवडला होता. तिथे २०२४ मध्ये मतदार निघून जाऊ नये म्हणून वार निवडावा लागला. मला यात शहरातल्या आपल्या माणसांचा राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. गडचिरोलीची बाई जंगलातून पायी चालत येते, आणि आपण लोणावळ्याला जातो.

आगाऊ मतदानावरचे आक्षेप मी टाळू इच्छित नाही, कारण ते खोटे नाहीत. मत एकदा दिलं की परत घेता येत नाही. २०१७ च्या मे महिन्यात माँटाना राज्यातल्या एका पोटनिवडणुकीच्या आदल्या संध्याकाळी ग्रेग जियानफोर्टे या उमेदवारानं एका पत्रकाराला खाली पाडून मारहाण केली. तोवर बहुसंख्य मतदारांची मतं देऊन झालेली होती. तो निवडून आला, नंतर न्यायालयात गुन्हाही कबूल केला. २०२० च्या मार्चमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्याच्या स्पर्धेतल्या दोघांनी त्यासाठीच्या चौदा राज्यांतल्या मतदानाला एकदोन दिवस उरले असताना माघार घेतली, आणि त्यांना आधीच मत दिलेल्या लोकांची मतं हवेत गेली. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये असंही दाखवलं की नुसतं आगाऊ मतदान ठेवल्यानं एकूण टक्केवारी वाढत नाही, उलट थोडी घसरते. त्यांचं कारण मला पटतं. एका दिवसाची जी लगबग असते, शेजारी निघाला म्हणून आपण निघतो, ती नऊ दिवसांत पातळ होते. नोंदणी आणि मतदान एकाच दिवशी करता येण्याचा फायदा मात्र त्यांना स्पष्ट दिसला.

तरीही मी दिवस वाढवण्याच्याच बाजूनं आहे. टक्केवारी किती जण आले ते सांगते. कोण आलं, आणि येताना त्याचं काय झालं, हे सांगत नाही. २०१२ मध्ये मायामीत डेसिलिन व्हिक्टर नावाच्या १०२ वर्षांच्या आजी मत देण्यासाठी तीन तासांहून जास्त ताटकळल्या. पुढच्या वर्षी ओबामांनी संसदेतल्या भाषणात त्यांचं नाव घेतलं आणि सगळं सभागृह उभं राहिलं. टक्केवारीत त्या आजी एकच मत आहेत.

आणि हे दिवस कमी करायला कोण धडपडतं तेही पाहावं. नॉर्थ कॅरोलायनानं २०१३ मध्ये आगाऊ मतदानाचे सतरा दिवस दहावर आणले. कृष्णवर्णीय वस्त्यांत रविवारी चर्च सुटलं की माणसं बसमध्ये बसून एकत्र मत द्यायला जायची, त्या दोन रविवारांतला एक त्यात गेला. २०१६ मध्ये संघीय अपील न्यायालयानं त्या कायद्यातल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या. कृष्णवर्णीय मतदारांना जवळजवळ शस्त्रक्रियेच्या अचूकपणानं हेरून या तरतुदी केल्या आहेत, असं निकालात म्हटलं. जॉर्जियानं २०२१ मध्ये कायदा करून मतदानाच्या रांगेतल्या माणसाला बाहेरच्यांनी पाणी द्यायलाही मनाई केली. पाणी. आपल्याकडे उन्हातान्हात आलेल्या अनोळखी माणसासमोरही आधी गूळपाणी ठेवतात. हे मी वाचलं त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

आमच्या अण्णांचं सांगायचं राहिलं. ते नाशिक जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते आणि प्रत्येक निवडणुकीला त्यांना ड्युटी लागायची. आदल्या दिवशी साहित्य घेऊन निघायचे: पत्र्याच्या पेट्या, मतपत्रिकांचे गठ्ठे, लाख, मेणबत्ती, सुतळी, शाईची बाटली. दुसऱ्या रात्री उशिरा पेट्या जमा करून परत. आम्ही त्यांच्या बोटावर शाई शोधायचो, ती नसायची. हजार माणसांना शाई लावून आलेल्या माणसाचं बोट कोरं. १९८४ च्या निवडणुकीनंतर मी विचारलं, अण्णा, तुमचं मत? ते म्हणाले, टपालानं असतं आमचं. अर्ज भरायचा, मतपत्रिका यायची, प्रतिज्ञापत्रावर अधिकाऱ्याची सही घ्यायची. कधी ती वेळेत यायची, कधी मोजणी होऊन गेल्यावर यायची. ते पाकीट त्यांनी एकदा फाडलंच नाही. पितळी कडीच्या लाकडी पेटीत, आमच्या दाखल्यांच्या खाली, ते तसंच ठेवलेलं होतं. २००३ मध्ये अण्णा गेले, त्यानंतर पेटी आवरताना ते मला सापडलं. ते त्यांनी का जपून ठेवलं, हे विचारायला ते नव्हते.

मी मतदान केंद्रावर काम करते याचं मूळ त्या पाकिटात आहे, असं मला वाटतं.

२०२४ मध्ये योग असा आला की माझ्या दोन्ही घरांची निवडणूक पंधरा दिवसांच्या अंतरानं झाली. ५ नोव्हेंबरला इथली, २० नोव्हेंबरला महाराष्ट्र विधानसभेची. आई तेव्हा ८७ वर्षांची होती. गुडघ्यांमुळे दोन वर्षं ती घराचा जिना उतरलेली नव्हती. ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना आता घरून मत देता येतं. वहिनीनं तिचा १२ ड चा अर्ज भरला होता. ठरल्या दिवशी, २० तारखेच्या आधीच, माणसं घरी आली: कर्मचारी, पोलीस, चित्रीकरण करणारा एक मुलगा. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. आई म्हणाली, जरा थांबा. आत जाऊन वहिनीच्या आधारानं घडीची साडी नेसली, मग आली. ते सगळे वीस मिनिटं थांबले. दादानं फोनवर सांगितलं, "त्यांच्यातल्या साहेबांनी आईला विचारलं, आजी, एवढी तयारी कशाला, घरातच तर आहात. तर म्हणाली, मी मताला चाललेय."

घराच्या चार भिंतींत ती मताला चालली होती. एका दिवसाचा सोहळा हरवेल म्हणणाऱ्यांना मला हे सांगावंसं वाटतं.

दादाकडे कामाला येणाऱ्या ताई सुरगाण्याकडच्या. नाशिकला पंधरा वर्षं झाली, पण मतदारयादीतलं नाव गावालाच आहे. भाड्याच्या खोल्या बदलत राहतात, कागद कुठले आणायचे? गाव ८०-९० किलोमीटर. एसटीनं तालुक्याला, तिथून मिळेल त्या जीपनं, पुढे पायी. मत एका दिवसात देऊन परत येणं जमत नाही. परगावी राहणाऱ्या मतदारांना आहे तिथूनच मत देता यावं असं यंत्र आयोगानं जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवायला बोलावलं होतं. पक्षांच्या शंका होत्या, काही रास्तही होत्या, आणि ते काम पुढे सरकलं नाही. तोवर ताईंची वाट तेवढीच लांब. घोडागाडीच्या जागी एसटी आली, एवढाच फरक.

या वेळी मी दादाला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांना एक नाही, तीन दिवस सोडा, पगार कापू नका. दादा म्हणाला, "तू सांगायच्या आधीच तुझ्या वहिनीनं सांगितलंय." १९ ला दुपारी त्या गेल्या. २२ ला सकाळी आईला व्हिडिओ कॉल लावला तेव्हा मागे ओट्यापाशी त्या उभ्या होत्या, नागलीच्या पिठाची पिशवी सोडत. गावाहून आणलेलं. आईनं हाक मारली, "अगं, इकडे ये, ही बघतेय तुझं बोट." त्यांनी पदराला हात पुसले, पीठ झटकलं आणि बोट कॅमेऱ्याच्या इतकं जवळ धरलं की पडदाभर नुसती काळी शाई आणि नखाच्या कडेला अडकलेलं पीठ दिसायला लागलं.

"रांग होती का मोठी?" मी विचारलं.

"होती की," त्या म्हणाल्या. "पण सगळं गावच होतं ना. दुपारपर्यंत बोलत बसलो."